हिमनद्या वितळत आहेत, समुद्र वर येतो आहे : हिमालयापासून मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत

हवामान बदल हा विषय निघाला की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया हमखास येतात. पहिली, "हे श्रीमंत देशांचे प्रश्न आहेत, आपल्यापुढे रोजीरोटीचे प्रश्न आहेत." दुसरी, "झाडे लावा म्हणजे झाले." दोन्ही अपुऱ्या आहेत. हिमालयातला बर्फ वितळतो, तेव्हा पहिला फटका डोंगरउतारावरच्या गावाला, नदीकाठच्या वस्तीला आणि धरणाच्या बोगद्यात काम करणाऱ्या मजुराला बसतो. समुद्राचे पाणी चढते, तेव्हा ते आधी कोळीवाड्यात, खाडीकाठच्या झोपडपट्टीत आणि खारभूमीतल्या भातशेतीत शिरते. म्हणून हा रोजीरोटीचाच प्रश्न आहे, आणि कार्यकर्त्यांनी तो मुळापासून समजून घेतला पाहिजे.

हिमनदी म्हणजे काय?

उंच पर्वतांवर आणि ध्रुवांजवळ वर्षानुवर्षे बर्फ साठत जातो. वरच्या थरांच्या वजनाने खालचा बर्फ दबून घट्ट होतो आणि उताराच्या दिशेने अतिशय सावकाश सरकू लागतो. या सरकणाऱ्या बर्फाला हिमनदी म्हणतात. हिवाळ्यात तिच्यावर नवा बर्फ पडतो, उन्हाळ्यात तिचा काही भाग वितळून नदीला मिळतो. जमा आणि खर्च बरोबरीत राहिले तर हिमनदी टिकते. खर्च वाढला की ती मागे हटते आणि पातळ होते. घराच्या बचतीचा हिशेब असतो तसाच हा हिशेब आहे.

पृथ्वीवर जेवढे गोडे पाणी आहे, त्यातले दोन तृतीयांशांहून अधिक बर्फाच्या रूपात साठलेले आहे. त्यातला सर्वात मोठा साठा अंटार्क्टिकात आणि त्याखालोखाल ग्रीनलंडमध्ये आहे. या दोन्ही ठिकाणी जमिनीवर बर्फाचे अवाढव्य थर आहेत, त्यांना हिमस्तर म्हणता येईल. पर्वतांवरच्या हिमनद्यांचा वाटा त्या मानाने फार लहान आहे, पण माणसांच्या रोजच्या पाण्याशी सर्वात जवळचे नाते त्यांचेच आहे.

बर्फ का वितळतो आहे?

कोळसा, पेट्रोल, डिझेल आणि नैसर्गिक वायू जाळल्याने कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू पृथ्वीवरून परत जाणारी उष्णता अडवून धरतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत त्याचे प्रमाण सुमारे २८० भाग होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले आहे. जागतिक हवामान संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ हे आजवरचे सर्वात उष्ण वर्ष ठरले आणि त्या वर्षीचे सरासरी तापमान औद्योगिकपूर्व काळापेक्षा सुमारे दीड अंश सेल्सियसने अधिक होते. डिसेंबर २०१५ मध्ये झालेल्या पॅरिस करारात जगातील देशांनी तापमानवाढ दीड अंशावर रोखण्याचा प्रयत्न करण्याचे मान्य केले होते. ही मर्यादा एका वर्षाच्या नव्हे तर दीर्घकालीन सरासरीने मोजली जाते, त्यामुळे करार मोडीत निघाला असा याचा अर्थ होत नाही. पण आपण उंबरठ्यावर येऊन उभे आहोत, हे मात्र खरे.

हिमालयात आणखी एक कारण जोडले जाते. चुली, वीटभट्ट्या, डिझेलची वाहने आणि शेतातला पेंढा जाळणे यांतून निघणारी काजळी वाऱ्याबरोबर बर्फावर जाऊन बसते. पांढरा बर्फ सूर्यप्रकाश परतवून लावतो, काळवंडलेला बर्फ तो शोषून घेतो आणि लवकर वितळतो. बर्फ गेला की खालचा काळा खडक उघडा पडतो, तो अधिक तापतो आणि शेजारचा बर्फही वितळतो. म्हणजे वितळण्यातूनच पुढचे वितळणे वाढत जाते.

समुद्राची पातळी कशाने वाढते?

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. समुद्रावर तरंगणारा बर्फ वितळल्याने समुद्राची पातळी जवळपास वाढत नाही. काठोकाठ भरलेल्या ग्लासातला बर्फाचा खडा विरघळला तरी पाणी सांडत नाही, तसेच हे आहे. पातळी वाढते ती मुख्यतः दोन कारणांनी. पहिले, जमिनीवरचा बर्फ वितळून समुद्रात येतो. दुसरे, पाणी तापले की प्रसरण पावते. पृथ्वीवर साठलेल्या जादा उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के उष्णता समुद्रानेच पोटात घेतली आहे. हवामान बदलावरील आंतरशासकीय समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, सहाव्या अहवालानुसार १९७१ ते २०१८ या काळातील वाढीपैकी जवळपास निम्मी वाढ पाण्याच्या प्रसरणामुळे झाली. उरलेल्यातला मोठा वाटा हिमनद्या आणि हिमस्तरांचा आहे.

याच अहवालातले आणखी काही आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. १९०१ ते १९७१ या काळात वाढीचा वेग वर्षाला १.३ मिलिमीटर होता, २००६ ते २०१८ या काळात तो ३.७ मिलिमीटर झाला. म्हणजे वेग जवळपास तिप्पट झाला. २१०० पर्यंत, उत्सर्जन झपाट्याने कमी केले तर सुमारे २८ ते ५५ सेंटिमीटर आणि ते खूप वाढतच राहिले तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर वाढ होण्याचा अंदाज आहे. १९९५ ते २०१४ या काळातील सरासरी पातळीपासून ही वाढ मोजलेली आहे. ग्रीनलंडचा सगळा बर्फ वितळला तर समुद्र सुमारे सात मीटरने वर येईल. ते होण्यास शतके, कदाचित हजारो वर्षे लागतील. पण उपग्रहांच्या मोजणीनुसार ग्रीनलंड आजच दरवर्षी सरासरी अडीचशे अब्ज टनांहून अधिक बर्फ गमावत आहे.

"काही सेंटिमीटरने काय होते?" असे कुणी विचारले तर त्याला उधाणाचे उदाहरण द्यावे. समुद्र शांत असताना वीस सेंटिमीटर जाणवत नाहीत. पण मोठी भरती, वादळ आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की त्याच वीस सेंटिमीटरांमुळे पाणी बांध ओलांडून घरात येते.

हिमालय : आधी पूर, मग टंचाई

हिंदुकुश-हिमालय पर्वतरांगांमध्ये ध्रुवप्रदेशांनंतरचा सर्वात मोठा बर्फसाठा आहे, म्हणून तिला तिसरा ध्रुव म्हणतात. सिंधू, गंगा, ब्रह्मपुत्रा यांच्यासह आशियातील दहा मोठ्या नद्या या भागातून निघतात. काठमांडूस्थित आयसीमॉड या संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार इथल्या हिमनद्यांनी आधीच्या दशकापेक्षा २०११ ते २०२० या दशकात ६५ टक्के अधिक वेगाने बर्फ गमावला. डोंगरातले २४ कोटी आणि खालच्या खोऱ्यांतले सुमारे १६५ कोटी लोक या पाण्याशी जोडलेले आहेत.

वितळण्याचे परिणाम दोन टप्प्यांत येतात. पहिल्या टप्प्यात नद्यांना अधिक पाणी येते आणि हिमनद्यांच्या तोंडाशी तलाव तयार होतात. हे तलाव दगडमातीच्या सैल बांधाने अडलेले असतात. बांध फुटला की पाणी, चिखल आणि धोंडे खाली कोसळतात. जून २०१३ मध्ये केदारनाथच्या वरचा चोराबारी तलाव अतिवृष्टीत फुटला. उत्तराखंडातील त्या आपत्तीत पाच हजारांहून अधिक लोक मृत किंवा बेपत्ता झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक तलाव फुटला आणि चुंगथांग येथील तीस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले. ७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोलीत कारण वेगळे होते. तिथे तलाव फुटला नाही, तर डोंगरकड्याचा खडक आणि त्यावरचा बर्फ एकत्र कोसळला. ऋषीगंगा आणि तपोवन-विष्णुगाड या प्रकल्पांवर काम करणारे मजूर त्यात सापडले. दोनशेहून अधिक लोक मृत किंवा बेपत्ता झाले.

दुसऱ्या टप्प्यात हिमनदी इतकी लहान होते की तिच्याकडून येणारे पाणीच घटते. गंगेच्या बाबतीत पावसाचा आधार मोठा आहे. सिंधूच्या खोऱ्यात मात्र वितळलेल्या बर्फावरचे अवलंबन फार अधिक आहे, त्यामुळे तिथली शेती जास्त धोक्यात आहे.

लडाखचा धडा

लडाखमध्ये पाऊस अत्यल्प पडतो. गावे वसली ती हिमनद्यांच्या ओढ्यांवर. जव, गहू आणि वाटाण्याच्या पेरणीसाठी एप्रिल-मे महिन्यांत पाणी लागते, पण उंचावरचा बर्फ त्यानंतर वितळतो. जवळच्या लहान हिमनद्या आक्रसल्याने ही पेरणीच्या वेळची टंचाई वाढली. झंस्कारमधील कुमिक या जुन्या गावातील लोकांवर पाण्याअभावी गाव सोडून खाली नवी वस्ती उभारण्याची वेळ आली.

या टंचाईवर तिथल्याच माणसांनी उपाय शोधले. चेवांग नॉर्फेल या अभियंत्याने ओढ्याचे पाणी हिवाळ्यात सावलीच्या उतारावर अडवून गोठवले आणि कृत्रिम हिमनद्या तयार केल्या. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हीच कल्पना पुढे नेली. उंचावरून नळाने आणलेले पाणी उताराच्या दाबानेच वर उडते, थंडीत गोठते आणि बर्फाचा शंकू तयार होतो. शंकूच्या आकारामुळे उन्हाला कमी पृष्ठभाग मिळतो आणि बर्फ वसंत ऋतूपर्यंत टिकतो. आकारावरून त्याला बर्फाचा स्तूप हे नाव मिळाले. फ्यांग येथील बौद्ध विहाराने या कामाला साथ दिली. हा उपाय उपयोगी आहे, पण तो काही काळाची सोय आहे. वरची हिमनदीच संपली तर गोठवायला पाणी कुठून येणार?

नेपाळच्या लांगटांग खोऱ्यातील याला हिमनदी १९७० च्या दशकापासून ६६ टक्क्यांनी लहान झाली आहे. मे २०२५ मध्ये तिला निरोप देण्यासाठी शास्त्रज्ञ, गावकरी आणि बौद्ध भिक्खू एकत्र जमले आणि तिथे स्मृतिफलक बसवले. जिच्यावर पिढ्या जगल्या, तिचा शोक करण्याची वेळ माणसांवर आली आहे.

बुडणारी गावे

पश्चिम बंगालच्या सुंदरबनातील लोहाचरा बेट पाण्याखाली गेले. शेजारच्या घोडामारा बेटाचा निम्म्याहून अधिक भाग नाहीसा झाला आणि तिथली अनेक कुटुंबे सागर बेटावर जाऊन राहिली. इथे समुद्र वर येत आहे आणि त्रिभुज प्रदेशाची जमीनही खचत आहे, त्यात किनाऱ्याची धूप मिळते. मे २००९ मधील आयला वादळाने बांध फोडून खारे पाणी शेतात आणि गोड्या पाण्याच्या तळ्यांत घातले. ज्या जमिनीत मीठ शिरते, तिथे पुढची काही वर्षे पीक नीट येत नाही. घरातला कर्ता माणूस मग दूरच्या राज्यांत मजुरीला जातो.

ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातील सातभाया या गावसमूहातली बहुतेक गावे समुद्राने गिळली. तिथल्या कुटुंबांना राज्य सरकारने २०१८ मध्ये बागपतिया येथे वसवले. घराची जागा मिळाली, पण मासेमारी आणि शेती मागे राहिली. पुनर्वसन म्हणजे चार भिंती नव्हेत, हे धरणग्रस्तांच्या लढ्यांनी महाराष्ट्राला शिकवलेच आहे.

देशच्या देशही संकटात आहेत. मालदीवची जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी जेमतेम दीड मीटर उंच आहे. ऑक्टोबर २००९ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने पाण्याखाली बैठक घेऊन जगाचे लक्ष वेधले होते. प्रशांत महासागरातील तुवालूने ऑस्ट्रेलियाशी २०२३ मध्ये करार केला, त्यानुसार दरवर्षी तुवालूच्या २८० नागरिकांना ऑस्ट्रेलियात राहण्याचा मार्ग खुला झाला. १९५१ च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारात हवामानामुळे घर सोडावे लागलेल्यांचा समावेश नाही. भारतातही अशा विस्थापितांसाठी वेगळा राष्ट्रीय कायदा नाही.

मुंबई आणि कोकण

मुंबई ही सात बेटांमधली खाडी बुजवून उभी राहिलेली आहे. त्यामुळे शहराचा मोठा भाग सखल आहे आणि पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या बहुतेक नाल्यांची समुद्राकडची तोंडे भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. भरतीच्या वेळी मुसळधार पाऊस झाला तर पाणी बाहेर जात नाही, उलट आत येते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्याच दिवशी मोठी भरती होती. मिठी नदीच्या काठच्या वस्त्यांनी ते भोगले आहे. समुद्र जसजसा वर येईल, तसतसे कमी पावसातही असे प्रसंग येतील. दरवर्षी ६ डिसेंबरला लाखो लोक ज्या चैत्यभूमीवर येतात, तीही दादरच्या किनाऱ्याला लागूनच आहे.

अरबी समुद्र तापत असल्याने चक्रीवादळांचेही चित्र बदलले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि रायगड-रत्नागिरीतील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी तौक्ते कोकणकिनाऱ्याला झोडपून गुजरातकडे गेले. कोकणातील खारबांध आणि गोव्यातील खाजन शेती ही समुद्राला थोपवून धरणारी जुनी लोकव्यवस्था आहे. बांधांची डागडुजी थांबली की खारे पाणी आत येते आणि भातखाचरे पडीक होतात.

कांदळवने ही किनाऱ्याची नैसर्गिक भिंत आहेत. ती लाटांचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात आणि माशांच्या पिलांना आसरा देतात. कांदळवनांचा नाश हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचे उल्लंघन आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटले आहे. मात्र कांदळवन वाचवण्याच्या नावाखाली झोपड्या पाडायच्या आणि तिथेच मोठ्या प्रकल्पाला परवानगी द्यायची, हा प्रकार मान्य होऊ शकत नाही. निसर्ग आणि गरीब यांना एकमेकांविरुद्ध उभे करणारे पर्यावरण धोरण शेवटी दोघांचेही नुकसान करते.

किंमत कोण मोजतो?

ऑक्सफॅमच्या २०२३ च्या अहवालानुसार, जगातील सर्वात श्रीमंत एक टक्का लोकांनी २०१९ मध्ये जेवढा कार्बन सोडला, तेवढाच सर्वात गरीब ६६ टक्के लोकांनी मिळून सोडला. भारतातील माणसामागे होणारे उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. म्हणजे ज्यांनी सर्वात कमी धूर केला, त्यांच्याच घरात पाणी आधी येते.

हीच विषमता देशाच्या आतही आहे. संकट जात पाहून येत नाही, पण मदत अनेकदा जात पाहून जाते. २००४ ची त्सुनामी भूकंपामुळे आली, हवामान बदलामुळे नव्हे. पण त्या वेळी तमिळनाडूत मदत छावण्यांमध्ये आणि मदतवाटपात दलितांशी भेदभाव झाल्याचे मानवी हक्क संघटनांनी नोंदवले आहे. वादळ-पूर वाढणार असतील, तर हा अनुभव विसरून चालणार नाही.

आपल्या पंचनाम्याची पद्धतच पाहा. पंचनामा पडलेल्या घराचा आणि बुडालेल्या पिकाचा होतो. बुडालेल्या रोजंदारीचा सहसा होत नाही. ज्याच्या नावावर सातबारा नाही, घर भाड्याचे किंवा गायरानावरचे आहे, तो यादीत येतच नाही. अनुसूचित जातींमधील कामकऱ्यांचा मोठा हिस्सा शेतमजूर आहे. त्यामुळे "सर्व नुकसानग्रस्तांना मदत" या शब्दांत बरोबर तेच लोक सुटतात, ज्यांच्याकडे दुसरा आधार नसतो.

संविधान आणि न्यायालये

संविधानातील कलम ४८-अ राज्यावर पर्यावरण रक्षणाची जबाबदारी टाकते आणि कलम ५१-अ (ग) नागरिकांचे तसेच कर्तव्य सांगते. ही दोन्ही कलमे १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने आली. मार्च २०२४ मध्ये माळढोक पक्ष्याच्या संरक्षणाशी संबंधित खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क हा कलम १४ आणि २१ मध्ये, म्हणजे समानतेच्या आणि जगण्याच्या हक्कात, सामावलेला आहे. यात समानतेचे कलम आले आहे, हे आपल्या दृष्टीने विशेष आहे. दुर्बल समूहांवर होणारा जादा आघात हा समानतेचा भंग आहे, असा युक्तिवाद आता करता येतो.

तरुणांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. २०१९ मध्ये प्रशांत महासागरातील बेटांवरच्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची मोहीम सुरू केली. वानुआतू या छोट्या देशाने ती उचलली, २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि २३ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपले मत दिले. हवामानाचे रक्षण करणे हे देशांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडल्यास जबाबदारी येऊ शकते, असे त्यात म्हटले आहे. हे मत सल्लावजा आहे, बंधनकारक निकाल नाही. तरी त्याची सुरुवात एका वर्गखोलीतून झाली, हे महत्त्वाचे.

आपण काय करू शकतो?

घरातला दिवा बंद करणे चांगलेच, पण संघटित कामाशिवाय फरक पडत नाही. काही ठोस कामे अशी :

१. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा आणि शहराचा उष्णता कृती आराखडा माहितीच्या अधिकारात मागवा. आपली वस्ती त्यात आहे का, ते तपासा.

२. पावसाळ्यापूर्वी वस्तीतील धोक्याच्या घरांची, एकट्या वृद्धांची, दिव्यांगांची आणि गरोदर महिलांची यादी तयार ठेवा.

३. आधार, रेशनकार्ड, जातीचे दाखले, घरपट्टी आणि वीजबिलाच्या प्रती सुरक्षित ठेवण्याची सोय विहारात किंवा समाजमंदिरात करा. पुरानंतर कागद नसल्यामुळेच मदत अडते.

४. पंचनाम्याच्या वेळी हजर राहा. भाडेकरू, भूमिहीन आणि रोजंदारीवरील कुटुंबांची नोंद व्हावी, अशी लेखी मागणी ग्रामसभेत आणि तहसील कार्यालयात करा.

५. किनाऱ्यावरील प्रकल्पांच्या जनसुनावणीत कोळी, आगरी आणि वस्तीतल्या लोकांसोबत उभे राहा.

६. जे विद्यार्थी पुढे शिकत आहेत, त्यांनी हवामानशास्त्र, जलविज्ञान, नगररचना आणि पर्यावरण कायदा या शाखांकडेही वळावे. धोरण ठरते त्या खोलीत आपली माणसे नसतील, तर आपल्या वस्त्या नकाशावर येणार नाहीत.

वितळलेली हिमनदी आपल्या हयातीत परत येणार नाही. पण आयसीमॉडचाच अहवाल सांगतो की तापमानवाढ दीड ते दोन अंशांत रोखली तर या शतकाअखेर हिंदुकुश-हिमालयातील हिमनद्यांचा ३० ते ५० टक्के भाग जाईल, आणि ती चार अंशांवर गेली तर ८० टक्क्यांपर्यंत. या दोन आकड्यांमधल्या अंतरावर कोट्यवधी लोकांचे पाणी अवलंबून आहे. उत्सर्जन किती घटते हे सरकारे आणि उद्योग ठरवतील, पण त्यांच्यावर दबाव आणणे आपल्या हातात आहे. आणि पुढच्या पुरानंतर मदतीच्या यादीत कुणाचे नाव असेल, हे तर आपण आपल्या वस्तीत आजपासून किती काम करतो, यावरच ठरणार आहे.